अवगाह आणि परिषेक : मराठी न्हाणीघराचा एक शब्देतिहास

१

घर नव्याने बांधावयाचे अथवा जुन्या घराची दुरुस्ती करावयाची म्हटली म्हणजे न्हाणीघरासंबंधी एक प्रश्न आता हमखास विचारला जातो : टब बसवावयाचा की शॉवर? विचारणाऱ्याच्या दृष्टीने हा केवळ दोन उपकरणांमधील निवडीचा प्रश्न असतो. जागा किती आहे, खर्च किती येईल आणि पाणी किती चढेल, एवढे पाहिले की तो सुटला असे मानण्यात येते. परंतु या प्रश्नाच्या मुळाशी स्नानाच्या दोन भिन्न कल्पना आहेत. शरीर पाण्यात न्यावयाचे, ही एक. आणि पाणी शरीरावर आणावयाचे, ही दुसरी. या दोहोंचे परस्परांशी नाते काय, आणि मराठी भाषकांच्या घरात त्यांपैकी कोणती रुजली व का रुजली, याचा मागोवा शब्दांच्या आधारे घ्यावा, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

विवेचनाला स्थळाचा आधार असावा म्हणून कोयनानगरचा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील ही वसाहत कोयना धरणाच्या बांधकामाबरोबर उभी राहिली. दि. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेल्या भूकंपाने तेथील बहुसंख्य घरे एक तर पडली, किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. पावणेदोनशेहून अधिक माणसे या भूकंपात दगावली. घर पुन्हा बांधणे म्हणजे काय, हे या परिसराला जसे एका रात्रीत शिकावे लागले, तसे फार थोड्या गावांना लागले असेल. शिवाय पाण्याचा एवढा मोठा साठा ज्या वस्तीच्या उशाशी आहे, तेथे स्नानाला पाणी किती लागते हा प्रश्नही वेगळ्या अर्थाने उभा राहतो. त्याकडे शेवटी वळू.

२

संस्कृत वाङ्मयात या दोन्ही कल्पना अगदी स्पष्टपणे वेगळ्या केलेल्या आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वेदनाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत 'परिषेक' आणि 'अवगाह' हे दोन लागोपाठ येतात. परिषेकात औषधी काढा कुंभात, अनेक छिद्रे असलेल्या 'वर्षणिके'त किंवा नळीत भरून रोग्याच्या अंगावर धरावयाचा असतो. अवगाहात त्याच प्रकारच्या द्रवाने भरलेल्या पात्रात रोग्याला बसवावयाचे असते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर शॉवर आणि टब ही जोडी येथे शेजारी शेजारी बसली आहे. 'वर्षणिका' हा शब्द तर 'वर्षा'शी उघडच संबद्ध आहे. आणि इंग्रजी 'शॉवर' या शब्दाचाही मूळ अर्थ पावसाची सर असाच आहे. दोन दूरच्या भाषांनी एकच उपमा स्वतंत्रपणे योजिली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मात्र चरकाने हे दोन्ही प्रकार चिकित्सेसाठी सांगितले आहेत, नित्याच्या स्नानासाठी नव्हे, याचाही विसर पडता कामा नये.

धर्मशास्त्राची विभागणी निराळ्या पायावर आहे. स्नानाचे मांत्र, भौम, आग्नेय, वायव्य, दिव्य, वारुण आणि मानस असे सात प्रकार सांगितले जातात. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) स्नानविषयक वचनांचा विस्ताराने परामर्श घेतलेला आहे. या सातांपैकी प्रत्यक्ष पाण्याचे असे दोनच प्रकार आहेत : दिव्य आणि वारुण. ऊन पडलेले असताना कोसळणाऱ्या पावसात होते ते दिव्य स्नान आणि पाण्यात बुडी मारून होते ते वारुण. म्हणजे पुन्हा तीच जोडी आली.

परंतु वारुण स्नान कोणत्या पाण्यात करावे याविषयी स्मृतिकारांनी घातलेली अट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मनुस्मृतीत नद्या, देवखाते, तळी, सरोवरे, झरे यांत स्नान करण्यास सांगितले आहे आणि दुसऱ्याने बांधलेल्या जलाशयात स्नान करण्याचा निषेध केला आहे. याज्ञवल्क्याने थोडी सवलत दिली. परक्याच्या पाण्यात उतरावयाचे असेल तर आधी तळाची मातीची पाच ढेकळे काढून बाहेर टाकावीत, असे तो सांगतो. या नियमांना पापपुण्याची भाषा आहे हे खरे. तथापि, जे पाणी वाहते किंवा ज्याला आतून झरा आहे त्यातच माणसाने अंग बुडवावे, आणि साठलेल्या पाण्यात उतरावयाचे तर ते स्वच्छ ठेवण्याचा काही वाटा उचलावा, हा व्यवहारही त्यांत दिसतो. घरात साठविलेल्या थोड्या पाण्यात अंग बुडवून बसणे या कल्पनेला धर्मशास्त्राच्या चौकटीत जागाच नाही. घरी करावयाचे स्नान हे 'उद्धृत' म्हणजे उपसून काढलेल्या पाण्याचे. ते पात्रातून अंगावर घ्यावयाचे असते.

पुरातत्त्वाची साक्षही याच दिशेची आहे. मोहेंजोदडो येथील महास्नानगृह सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर खोल आहे, हे सर्वश्रुत आहे. त्याची इतकी चर्चा झाली की, त्याच नगरातील सामान्य घरांकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. त्या घरांतून विटांची घट्ट जोडलेली, एका कोपऱ्याकडे उतार दिलेली स्नानाची फरशी असे आणि तीवरील पाणी मोरीवाटे रस्त्यावरील गटारात जाई. पाणी भांड्याने अंगावर ओतून घेतले जात असावे, असा अर्थ उत्खनकांनी लावला आहे. अवगाह सार्वजनिक जागी आणि परिषेक घरात, अशी ही वाटणी फार जुनी दिसते. त्या फरशीचे वर्णन वाचताना आपल्याकडील मोरीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

३

आता मराठीकडे वळू. मराठीत या क्रियेला तीन शब्द आहेत : स्नान, न्हाणे आणि आंघोळ. 'स्नान' तत्सम आहे आणि ते देवाच्या, पर्वणीच्या व विधीच्या संदर्भात चालते. 'न्हाणे' हे त्याच धातूचे प्राकृतातून आलेले रूप. 'न्हाण', 'न्हाणी', 'न्हाणीघर' ही त्याची भावंडे होत, आणि 'न्हावी' हा शब्दही याच कुळातला आहे. 'आंघोळ' मात्र निराळ्या वाटेने आलेला आहे. प्राकृत कोशांत 'अंगोहलि' असा शब्द मिळतो आणि त्याचा अर्थ डोके वगळून केलेले अंगाचे स्नान असा दिलेला आहे. मराठी 'आंघोळ' आणि गुजराती 'अंघोळ' यांचा संबंध त्याच्याशी जोडण्यात येतो.

हा अर्थभेद आज पूर्णपणे बुजला आहे असे नाही. 'आज न्हायचे आहे' असे एखादी स्त्री म्हणते तेव्हा केस धुवावयाचे आहेत, असाच त्याचा अर्थ घरातील सर्व जण घेतात. रोजची ती आंघोळ. डोक्यावरून घेतले तर ते न्हाणे. सातारा-सांगलीकडील ग्रामीण बोलीत रोजच्या आंघोळीला 'अंग धुणे' असेही म्हणतात. तेथेही डोके बाहेरच आहे. पुरुषांच्या बोलण्यात हा भेद पुष्कळसा पुसट झाला असला तरी 'डोक्यावरून आंघोळ केली' असे जे मुद्दाम सांगावे लागते, त्यावरून नुसत्या आंघोळीत डोके गृहीत नाही, हे दिसून येते. 'गंगेत घोडे न्हाले' या म्हणीत न्हाणे बुडीच्या अर्थाने आले आहे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो बरोबरच आहे; परंतु घोडे नदीत न्हाले, घरात नव्हे. बाहेरच्या वाहत्या पाण्यात न्हाणे बुडीलाही चालते, घरात चालत नाही, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो.

क्रियापदांची साक्ष अधिक बोलकी आहे. घरातील स्नानाविषयी आपण 'अंगावर पाणी घेतले', 'चार तांबे ओतून घेतले', 'आंघोळ घातली' असे म्हणतो. या सर्व प्रयोगांत हालते ते पाणी, शरीर स्थिर असते. शरीर पाण्यात जाते त्या क्रियेला 'बुडी मारणे', 'डुबकी घेणे', 'डुंबणे' अशी वेगळी क्रियापदे आहेत. आणि त्यांतील 'डुंबणे' हे मुले व म्हशी यांच्यासाठी विशेष राखून ठेवलेले दिसते. एखाद्याने टबात स्नान केले तर 'तो टबात बसला' किंवा 'डुंबला' असे मराठी माणूस सहज बोलतो; 'त्याने टबात आंघोळ केली' असे म्हणताना मात्र तो किंचित अडखळतो. 'टब' हा शब्द मराठी घरात शिरला नाही असे नाही. तो चांगला रुळला आहे, परंतु कपडे भिजत घालण्याच्या भांड्यासाठी. बुडवून ठेवण्याची क्रिया भाषेने माणसाकडून काढून कपड्यांकडे सोपविली, असेच म्हणावे लागेल.

हे वळण प्रौढांपुरते मर्यादित नाही. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालण्याची रीत पाहावी. न्हाऊ घालणारी बाई पाय लांब करून बसते, मूल पायांवर घेते, तेल लावते आणि हाताने पाण्याची धार सोडते. जेथे टब खरोखर सोयीचा, अशा या एका प्रसंगीही मराठी रीतीने मुलाला पाण्यात ठेवलेले नाही. 'न्हाऊ घालणे', 'आंघोळ घालणे' या प्रयोजक रूपांतून आणखी एक गोष्ट कळते. स्नान हे एकट्याचेच कृत्य असते असे ही भाषा मानीत नाही. तान्हे मूल, बाळंतीण, आजारी माणूस, म्हातारे आईवडील, दिवाळीच्या पहाटे पाटावर बसलेली मुले, लग्नातील वधूवर, या सर्वांना कोणी तरी आंघोळ घालते. लीळाचरित्रात 'मर्दना' आणि 'मादणे' ही जोडी वारंवार येते; तेथेही अंग चोळणारा आणि पाणी घालणारा भक्तजन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या उपभोगांमध्ये स्नानभोगाचा समावेश केला आहे. अभ्यंग आणि उटणे झाल्यावर राजाच्या अंगावर कलशांनी पाणी घातले जाते. राजाला हौदाची वाण नव्हती. परंतु त्याच्या स्नानाचे वैभव पाण्याच्या खोलीत नसून पाणी घालणाऱ्या हातांत होते. राज्याभिषेकाच्या विधीत शंभर छिद्रांच्या सुवर्णपात्रातून राजावर जलधारा सोडण्यास सांगितले आहे, तेही याच परंपरेला धरून आहे. आजच्या शॉवरची चाळणी ही आकाराने तरी आपल्याला परकी नाही.

४

न्हाणीघरातील वस्तूंची नावे पाहू लागलो तर चित्र एकदम पालटते. मोरी हा शब्द फारसीतला. हौद अरबीतून फारसीच्या मार्गाने आलेला. घंगाळाचे नाते कन्नड 'गंगाळ' या शब्दाशी आहे. पाणी तापविण्याचा बंब हा पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजे पाण्याचा पंप. आग विझविणारा बंबही त्याच घरचा. पिंप पोर्तुगीज 'पिपा'पासून आणि बादली 'बाल्दे'पासून आली. नळाच्या पाठोपाठ इंग्रजी 'बाथरूम' आली आणि तिने न्हाणीघराची पाटीच बदलली. एका लहानशा, ओल्या, काळोख्या खोलीत इतक्या भाषा एकत्र नांदत आहेत आणि त्यांपैकी बहुतेकींचे नाव आपल्याला आठवतही नाही.

यावरून मराठी न्हाणीघर परकीयांनी घडविले असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. शब्द आले ते वस्तूंचे; क्रियेचे शब्द जसेच्या तसे राहिले. तापवणे, ओतणे, घेणे, घालणे, चोळणे, ही क्रियापदे सर्व देशीच आहेत. त्यांतच 'विसण' हा एक सुंदर शब्द आहे. कढत पाण्यात सोसेल इतके गार पाणी मिसळणे म्हणजे विसण घालणे. हे काम घंगाळात होई. आज गरम व गार पाण्याची तोटी एकत्र करणारे यंत्र भिंतीत बसविले जाते, ते विसणाचेच काम करते. परंतु त्याला आपण 'मिक्सर' म्हणतो आणि विसण हा शब्द आजीबरोबर जातो.

'हमाम' या शब्दाची कथा याच संदर्भात पाहण्याजोगी आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यात हमामखाना होता, हजारी कारंजे होते आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळाने शहरात पाणी आणले गेले. हमामखाना म्हणजे पाण्यात पोहण्याची जागा असा पुष्कळांचा समज असतो. परंतु मूळ अरबी धातूचा अर्थ तापणे, उष्ण होणे असा आहे. तुर्की हमामातही मनुष्य पाण्यात बसत नाही. तो तापलेल्या फरशीवर बसतो आणि भिंतीलगतच्या दगडी पात्रातून वाटीने पाणी घेऊन अंगावर ओततो. साठलेल्या पाण्यात अंगाचा मळ धुणे तेथेही स्वच्छ मानले जात नाही. म्हणजे हमामाने मराठी राजवाड्यात उष्णता आणली, सुगंध आणला; स्नानाची तऱ्हा बदलण्याचे त्याला कारणच नव्हते. मोरीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. पाणी बाहेर कोठून जाते त्यावरून या जागेला नाव मिळाले, पाणी कशात साठते त्यावरून नव्हे. उतार आणि भोक एवढ्यानेच मोरी सिद्ध होते.

अवगाह मराठी मुलखात नव्हता काय? अवश्य होता; परंतु घराबाहेर. वाई, संगम माहुली, कऱ्हाड येथील घाट कृष्णेत बुडी मारण्यासाठीच आहेत. कोयना महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, दक्षिणेकडे वाहत हेळवाकपर्यंत येते, तेथे पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. त्या प्रीतिसंगमावरील स्नान वारुण प्रकारचे. सह्याद्रीच्या पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील तुरळ, आरवली येथे उष्णोदकाची कुंडे आहेत. तेथे लोक गरम पाण्यात उतरतात, आणि त्यामागे पुष्कळदा संधिवातासारख्या दुखण्यावर उतार पडावा हा हेतू असतो. म्हणजे चरकाने अवगाहाला जे स्थान दिले तेच लोकव्यवहारानेही दिले. नदीत आणि कुंडात पाणी सतत बदलत असते, ही स्मृतिकारांची अटही येथे पाळली गेलेली आहे.

जपानी लोकांनी या दोहोंची सांगड घालून दाखविली आहे. ते आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुतात आणि मगच गरम पाण्याच्या खोल पात्रात उतरतात. धुणे वेगळे, विसावणे वेगळे. त्यामुळे एकच पाणी घरातील सर्वांना क्रमाने चालते. युरोपीय टबात धुणे आणि विसावणे एकाच पाण्यात होते. भारतातील इंग्रज साहेबाच्या बंगल्यात पत्र्याचा टब असे आणि भिस्ती तो पखालीने भरीत असे. पाणी वाहून आणणारा माणूस दाराशी असे, तोपर्यंत टब किती पाणी खातो हे बसणाऱ्याला जाणवण्याचे कारण नव्हते. इंग्लंडात यांत्रिक शॉवरचे पेटंट विल्यम फीथम याने १७६७ मध्ये घेतले. परंतु त्यात तेच पाणी हाताने पुन्हा पुन्हा वर चढवावे लागे. स्वच्छ वाहते पाणी घरोघर नळाने आल्यानंतरच शॉवरला आजचे रूप मिळाले.

५

आता मूळ प्रश्नाकडे परत येऊ. कोयनानगरच्या परिसरात कोणी आपले मुख्य न्हाणीघर नव्याने बांधावयास काढले, तर या शब्देतिहासाचा त्याला काय उपयोग?

प्रथम मापाचा विचार करू. घरगुती टब भरावयास साधारणपणे दीडशे ते दोनशे लिटर पाणी लागते. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी पडते असे धरले, तर दहा मिनिटांत ऐंशी ते शंभर लिटर होतात. बादली पंधरा ते वीस लिटरची असते. नळ आणि भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी दरडोई दर दिवशी १३५ लिटर पाण्याचे प्रमाण भारतीय मानकाने धरले आहे आणि त्यातील ५५ लिटर स्नानासाठी आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात पिणे, रांधणे, धुणे आणि स्नान या सर्वांसाठी मिळून दरडोई ५५ लिटरांचे प्रमाण ठरविले. शहरी माणसाच्या आंघोळीचे माप आणि खेडेगावातील माणसाच्या संपूर्ण दिवसाचे माप येथे एकच आहे. टब एकदा भरला म्हणजे पहिले प्रमाणही ओलांडले जाते, दुसऱ्याची गोष्टच नको.

कोयनानगरला पाण्याचा तोटा कसला, असे यावर कोणी म्हणेल. तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि शिवाजीसागराची साठवणक्षमता १०५ अब्ज घनफुटांहून अधिक आहे. परंतु सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस उतारावरून वाहून जातो आणि पावसाळ्यात चिंब भिजलेल्या वाड्या उन्हाळ्यात पाण्यासाठी वाट तुडवितात, हा या डोंगरी भागाचा जुना अनुभव आहे. जलाशयातील पाणीही मुख्यतः आंघोळीसाठी अडविलेले नाही. ते बोगद्याने पश्चिमेकडे पोफळीला जाते, साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवरून खाली पडून वीज निर्माण करते आणि वाशिष्ठीला मिळते. या साठ्यासाठी शंभराच्या आसपास गावांना झळ पोहोचली आणि तेथील कुटुंबे ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत विखुरली. 'बुडीत' हा शब्द पूर्वी प्रामुख्याने कर्जाला लागे; धरणांनी तो गावांना लावला. ज्यांची न्हाणी, परस आणि परसातील केळी त्या बुडीत क्षेत्रात गेल्या, त्यांच्यापैकी काहींच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक दशके चालत राहिला. या पार्श्वभूमीवर तांब्याचे माप आणि अब्ज घनफुटांचे माप यांतील अंतर नुसते गणिती राहत नाही.

दुसरा विचार भाराचा. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन; त्यात टबाचे आणि माणसाचे वजन मिळवावयाचे. तळमजल्यावर त्याचे काही वाटणार नाही, वरच्या मजल्यावर मात्र त्याचा हिशोब आधी करावा लागतो. शॉवरलाही भार चुकलेला नाही, फक्त तो डोक्यावर असतो. धार जोराने पडण्यासाठी टाकी उंच हवी आणि हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे छपरावर ठेवलेले एक टन वजन. भूकंपात घराच्या माथ्यावरील वजन जितके अधिक, तितका भिंतींवर पडणारा ताण अधिक. १९६७ मध्ये मातीत बांधलेल्या दगडी भिंतींनी तो ताण सोसला नाही, हे या परिसराने पाहिले आहे. म्हणून येथे टाकीची जागा आणि तिचा आधार ही बाब शॉवर निवडण्याच्या अगोदर ठरवावयाची आहे, नंतर नव्हे.

तिसरा विचार माणसांचा. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. टब आणि डोक्यावर पक्का बसविलेला शॉवर ही दोन्ही उपकरणे एकट्या, धडधाकट माणसाला गृहीत धरतात. टबात उतरावयास काठ ओलांडावा लागतो. गुडघे धरलेल्या वृद्धेला तो काठ म्हणजे उंबरठा नव्हे, भिंतच आहे. पक्क्या शॉवरखाली उभे राहिले की न्हाणे होते, आंघोळ होत नाही. कारण डोके कोरडे ठेवण्याची सोयच तेथे नसते. ज्या स्त्रीला रोज केस भिजवावयाचे नाहीत, तिच्यासाठी भाषेने राखून ठेवलेला भेद हे उपकरण पुसून टाकते. आणि आंघोळ घालणाऱ्याला या दोन्ही ठिकाणी उभे राहण्यास जागा नसते. टबावर वाकून दुसऱ्याला धुताना पाठ दुखते. शॉवरखाली घालणाराही भिजतो.

तेव्हा निवड करावयाचीच असेल तर परिषेकाच्या बाजूने करावी. परंपरा, पाण्याचे माप आणि स्वच्छता या तिन्ही गोष्टी त्या बाजूला झुकतात. परंतु तो परिषेक हाती धरता येणारा असावा. लवचिक नळीला जोडलेला हातशॉवर खांद्यापासून खाली धरला की आंघोळ, डोक्यावर धरला की न्हाणे, आणि दुसऱ्याच्या हाती दिला की आंघोळ घालणे. तांब्याची तिन्ही कामे तो करतो. त्याच्या खाली बादली भरण्यापुरती उंचीची तोटी ठेवावी, म्हणजे वीज नसेल किंवा टाकी रिकामी असेल त्या दिवशी अडत नाही आणि मापाचीही आठवण राहते. बसण्यासाठी भिंतीला लागून पाटाच्या रुंदीचा दगडी ओटा व धरावयास दांडी असावी. फरशी खडबडीत आणि मोरीकडे नीट उताराची असावी. दोन माणसे मावतील एवढी मोकळी जागा तेथे ठेवावी. टबाने जी जागा अडविली असती, ती याच कामी येईल. घरात कोणाला सांधेदुखीसाठी गरम पाण्यात बसण्याचा सल्ला वैद्याने दिला असेल, तर अवगाहाचा तो उपयोग चरकाइतकाच जुना आहे. त्या घराने टबाचा विचार अवश्य करावा, मात्र औषध म्हणून, नित्यक्रम म्हणून नव्हे.

भाषेच्या अभ्यासकाने न्हाणीघराच्या बांधणीत लुडबूड का करावी, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. त्याला उत्तर एवढेच की, 'टब की शॉवर' हा प्रश्न ज्या भाषेत तयार झाला तिच्यात तांब्यासाठी तिसरा पर्याय नव्हता. तो प्रश्न जसाच्या तसा उचलला की उत्तरही दोहोंपैकीच एक येते आणि तिसरे सांगावयाचे राहून जाते. आपल्या बोलण्यात आंघोळ आणि न्हाणे हा भेद अजून शिल्लक आहे, 'घालणे' हे क्रियापद अजून जिवंत आहे. ती रूपे कोणत्या घरांत चालू आहेत, कोणत्या पिढीत थांबली आणि न्हाणीघर बदलल्यावर किती वर्षांत थांबली, याची पाहणी पाटण, कऱ्हाड व शिराळा तालुक्यांतील गावांतून व्हावयास हवी. विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेतले, तर प्रथम घरातील वृद्ध स्त्रियांकडे जावे, असे सुचवून हे टिपण येथे पुरे करतो.